सहा ओळींतली आपली पोरगी

प्रिय मर्नाताई,

गुरुवारी टपालाचं विमान तुमच्याकडे येईल, त्यातून हे पत्र पाठवते आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्या पुढे जात नाहीस आणि मग मीच उगाच हवापाण्याच्या गप्पा मारत बसते. इकडे सगळे बरे आहेत. माझा गुडघा कुरकुरतो. शाळेत यंदाही नवा हेडमास्तर आलाय आणि तो दर सोमवारी मला माझ्याच गावाची माहिती देतो. तुझं घर बंद आहे. लेकीच्या दुखवट्यात तू ते सोडून गेलीस ते रीतीला धरूनच होतं, पण तुझी तांबडी कुत्री अजून त्याच दाराशी झोपते आणि तिला खायला घालायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

मोठ्या वर्गाला मी यंदा वर्तमानपत्र वाचायला शिकवते. वाचायला म्हणजे, कोणाबद्दल किती लिहिलंय, कुठे लिहिलंय आणि काय गाळलंय ते बघायला. आपल्या नात्यांच्या रीतीने निम्म्या वर्गाची मी आई लागते आणि उरलेल्यांची आत्या, त्यामुळे शिस्तीचं काही विचारू नकोस. दोन वर्षांपूर्वी एक परदेशी मुलगी वाळवंटात वाट चुकली होती, आठवतं? चौथ्या दिवशी धडधाकट सापडली. पोरांनी तिची कात्रणं भिंतीवर लावली तर दारापासून खिडकीपर्यंत गेली. तिचं कॉलेज, तिची मांजर, तिला आवडणारा केक, सगळं त्यात होतं. सगळा ऑस्ट्रेलिया तिची वाट बघत होता. सापडली ते चांगलंच झालं, मी तिच्यावर राग धरत नाही. त्याच महिन्यातलं आपल्या पोरीचं कात्रण मी शेवटी लावलं. सहा ओळी, चोरीला गेलेल्या ट्रकच्या बातमीखाली.

‘दारूच्या नशेत झालेल्या घरगुती भांडणात एका आदिवासी महिलेचा मृत्यू.’ अँटोनने ते मोठ्याने वाचलं. फुटबॉल सोडून कशात लक्ष नसलेला तो अँटोन, आपल्या चुलतभावाचा मुलगा. म्हणाला, “आत्या, पण हिला मारलं कोणी? हे तर असं लिहिलंय, जशी ती आपली आपणच मेली.” मग दुसरी म्हणाली, “आणि प्यायला होता तो, तिचा नवरा. ती तर दारूला शिवतही नव्हती, लग्नातसुद्धा चहाच प्यायची.” त्याला शिक्षा झाली तेव्हा तर पेपरात तेवढंही आलं नव्हतं.

पण खरा प्रश्न विचारला तो मागच्या बाकावरच्या पोरीने. हिचं आणि आपल्या पोरीचं नाव एकच, म्हणून पोरगी गेली त्या दिवसापासून हिलाही त्या नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे कुमुंजाई म्हणतात, खरं नाव घ्यायचं नसतं तेव्हाचं आपलं ते रीतीचं नाव. ती म्हणाली, “आत्या, त्यांनी नाव छापलं नाही, ते आपला मान राखायला की त्यांना तिच्याशी देणंघेणंच नव्हतं म्हणून?”

ताई, मला उत्तर माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं आणि तुला सांगायची हिंमत झाली नाही. पेपरवाल्याचा फोन मी घेतला होता. दुकानाच्या पायरीवर बसले होते, अंगाला अजून दुखवट्याची पांढरी माती लावलेली होती. त्याने नाव विचारलं. मी म्हटलं, नाव छापायचं नाही, फोटो तर मुळीच नाही, गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही. तो म्हणाला, “समजलं बाई, तसंच करतो. मग तिच्याबद्दल काय लिहू?” मी म्हटलं, “काही लिहू नका.” आणि फोन ठेवला. वाटलं, मी पोरीची अब्रू राखली. त्याने मग पोलिसांकडून आलेला कागद जसाच्या तसा छापला, कारण आपल्याकडून मी त्याला काहीच दिलं नव्हतं. रीत फक्त नाव घ्यायला मनाई करते. ती डायलिसिसच्या म्हाताऱ्यांची गाडी चालवायची, हे सांगायला कुठे मनाई होती? पहाटे हॉर्न वाजवून गाव उठवायची, डॉक्टरांसमोर आजीबायांना दटावायची, पत्त्यांत उघडउघड लबाडी करायची आणि पकडली की सगळ्यांत जास्त हसायची. हे सगळं मी गिळलं. मी तुझी बहीण, म्हणजे तीही माझीच मुलगी, आणि मीच.

हे मी वर्गाला सांगितलं. रडलेसुद्धा, लपवत नाही. कुमुंजाई उठली, फळ्याशी गेली आणि म्हणाली, “मग आता सांगू या ना.” त्या दिवसापासून पोरं घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारतायत आणि लिहून आणतायत. बीडी आजीने एकटीने चार पानं सांगितली, त्यातलं एक पान शिव्यांचंच आहे. आम्ही ते ठेवलंय. हेडमास्तर म्हणाला, विषय जरा नाजूक आहे. मी म्हटलं, सहा ओळी छापून आल्या तेव्हा तो कोणाला नाजूक वाटला होता? त्यानंतर त्याने झेरॉक्सला लागेल तेवढा कागद दिला.

आता जे मागायचं आहे ते सांगते. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला शहरातल्या कोर्टात, नवऱ्याच्या खटल्यापेक्षा वेगळी, चौकशी सुरू होते, ती कशी गेली आणि तिला वाचवता आलं असतं का याची. पेपरवाले येतील, टीव्हीवाले येतील. तिथे मी घरच्यांच्या वतीने बोलणार आहे आणि आमचा वर्ग त्यांच्या हातात ही पानं देणार आहे. रीतीतलं जाणतं माणूस म्हणून बॅसिलमामांना विचारलं. ते म्हणाले, दोन वर्षं झाली, नावावरचं बंधन उठवायचं की नाही हे तिच्या आईने सांगायचं, दुसऱ्या कोणी नाही. तू उठवलंस तर कुमुंजाईलाही तिचं नाव परत मिळेल. हे तुला कळवायचं नाही, तुझ्यावर दडपण येईल, असं तिने मला बजावलंय. पण गप्प राहून मी काय केलं ते मी पाहिलंय, म्हणून लिहिते. तू हो म्हणालीस, तर त्या कोर्टात माझा पहिला शब्द आपल्या पोरीचं नाव असेल, आणि गाडीच्या खिडकीतून हसतानाचा तिचा फोटो माझ्या हातात असेल. तू नाही म्हणालीस, तर नाव माझ्या ओठांवर येणार नाही, तुझी शपथ. पण या वेळी मला कोणी विचारलं, ‘तिच्याबद्दल काय लिहू,’ तर मी त्याला खुर्ची देईन, समोर बसवीन आणि त्याचा हात दुखेपर्यंत सांगत राहीन.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच,
ग्लेनिस