पोशीर ते खालापूर, बारा मिनिटे

खालापूर,
माघ वद्य पंचमी, १९३४

प्रिय जयवंता,

तुझं पत्र पोचलं. पोशीरहून खालापूर सरळ रेषेत सतरा मैल आणि विमानानं बारा मिनिटं, असं तू त्यात तीनदा लिहिलंयस. एकदा लिहिलं असतंस तरी विश्वास ठेवला असता. साहेबाचं विमान उतरावं म्हणून तू आपल्या खाचराचे बांध फोडलेस, हे बाबा असते तर काठी घेऊन तुझ्या मागे लागले असते. पुढे खालापूरचा माळ दाखवायला माहितगार हवा म्हटल्यावर तू 'माझी बहीण तिथेच दिली आहे' असं सांगून चढून बसलास. मला इथे दिल्याचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा.

वरून पाताळगंगा लुगड्याच्या काठाएवढी दिसते म्हणतोस. मला ती दिसतच नाही. परसातल्या कुडापर्यंत माझी हद्द, आणि विहिरीला जायचं ते सासूबाईंबरोबर. लग्नात आपल्याकडून मामंजींना मानाचा फेटा बांधायचा राहिला, त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि या घराचा उंबरा चढणार नाही असं तू भर मांडवात बोललास. मामंजी म्हणतात, मुराळी म्हणून भाऊ न्यायला आल्याशिवाय सून माहेरी जायची नाही. दोघांनीही शब्द पाळलाय. आता दोन वर्षं होतील. तुमच्या मानापानात मी मात्र जात्याला बांधल्यासारखी बसले आहे.

गर्दीत मी दिसले नाही, असं लिहितोस. दिसले होते रे. विमान बघायला त्या दिवशी सगळ्या बायकांना माळावर सोडलं होतं. तू उतरलास, कातडी टोपी काढलीस, तेव्हा मी तुझ्यापासून गोठ्याच्या लांबीवर उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंस आणि टोपी पुन्हा घातलीस. सासूबाई म्हणाल्या, "त्यो तुजा भाऊ ना गं? मंग घरी का नाय येत?" मी म्हटलं, "नाय, त्यो दुसराच कुणी हाय." तुझी लाज राखायला मी तुला परकं केलं. घरी येऊन चुलीपुढे पोटभर रडले.

हे सगळं तुला बोल लावायला लिहीत नाही. पदराआड तुला कळलं नसेल, मला सातवा महिना चालू आहे. आईला कळवलं नाही, कारण तुझ्याइतकाच हट्ट माझ्यातही आहे, आणि न बोलावता तू येशील असं मला वाटत होतं. पहिलटकरणीनं माहेरी जावं, पण मुराळी नाही म्हणून बाळंतपण आता इथेच ठरतं आहे. थोरल्या जाऊबाई गेल्या त्या याच घरात, आतल्या खोलीत, दोन दिवस आईला हाका मारत. काल ती खोली सासूबाईंनी माझ्याकडून सारवून घेतली. मला फार भीती वाटते, जयवंता. बैलगाडीला वेळ लागेल तेवढा लागू दे. मामंजी काय वाटेल ते बोलतील, मान खाली घालून ऐकून घे, आणि मला घेऊन जा.

वाट बघणारी,
तुझीच
बायजाताई