झडप कोणी लावली

४ डिसेंबर, बुधवार

भंडारदऱ्याच्या बंगल्यांवर राबणाऱ्या बायांनो आणि गड्यांनो, लाकडं तुम्ही फोडायची, राख तुम्ही उपसायची, आणि थंडी पडली की शेक मात्र पाहुण्यांनी घ्यायचा, हा कुठला न्याय?

बंगल्याच्या पायरीवर पाय ठेवताच हे वाक्य मनात तयार झालं आणि मी एकटीच हसले. बोलायची बंदी आहे. सव्वीस वर्षं अंगणवाडीच्या बायांचे मोर्चे या गळ्याने चालवले. आता गळ्यातली गाठ काढली आणि डॉक्टरांनी २८ तारखेपर्यंत एक शब्द काढायचा नाही असं बजावलं. बेलापुरात राहिले असते तर मंडळाच्या बायांनी बोलायला लावलंच असतं. म्हणून ही नोकरी घेतली. बंगल्याची व्यवस्था पाहायची, पाहुण्यांचे निरोप मोबाईलवर घ्यायचे, बाकी गप्प बसायचं. सोबत चार पेट्या पुस्तकं, एक पाटी आणि ही वही.

इथे दोघंच माणसं. स्वयंपाकाला दगडाबाई, साठीच्या पुढची, आणि तिचा मुलगा भीमा, राखणदार. मी पाटीवर ‘मार्था’ लिहून दाखवलं तेव्हा भीमाने ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. दगडाबाई म्हणाली की बया, मुकी मॅनेजर धाडली का काय, आता आमाला शिव्या कोन देनार! मी पोट धरून हसले, तेही आवाज न करता. फार अवघड असतं ते.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज भीमाने मला हॉलमधली शेकोटी शिकवली. सगळे तिला साहेबाची चूल म्हणतात. दगडी, माणूस वाकून आत जाईल एवढी. वर धुराडं, आणि धुराड्याच्या तोंडाशी लोखंडी झडप. साखळी ओढली की उघडते, सोडली की बसते.

भीमा शिक्षकासारखा शिकवतो. लाकूड वर्षभर वाळलेलं हवं. ओलं सूं सूं करतं आणि धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते, तीच पुढे पेट घेते. पेटवायच्या आधी कागदाचा बोळा पेटवून वर धरायचा, म्हणजे धुराडं तापून धूर ओढतं. मालकाने नव्या सरकत्या खिडक्या बसवल्यात, वाऱ्याला फटच नाही, म्हणून एक खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. राख पत्र्याच्या बादलीत, झाकण लावून, बाहेर दगडावर तीन दिवस. धुराडं दर मोसमाला तो स्वतः झाडतो. करवंदीच्या काट्यांची जुडी दोराला बांधायची, खाली धोंडा, आणि वरून सोडून ओढायची.

आणि झडप? राखेत उलटा हात घालून पाहायचा. गार लागली तरच लावायची. हे त्याने तीनदा सांगितलं. म्हणाला की ताई, वरून इझल्यावानी दिसतो, पन इस्तू आत जित्ता असतो.

मी पाटीवर लिहिलं, समजलं. हुशार विद्यार्थिनीसारखं अधोरेखितही केलं.

११ डिसेंबर, बुधवार

थंडी हाडात शिरते. दगडाबाई मागच्या पडवीत फरशीवर गोधडी टाकून झोपते, कारण पाहुणे आले की पहाटे चहा लागतो. पाहुणे नसतानाही तिथेच. हॉल रिकामा, शेकोटी रिकामी, आणि बाई पडवीत!

मालकाला लांबलचक निरोप लिहिला. माझं एखादं भाषणही इतकं धारदार झालं नसेल. ऊब हा कुणाचा बडेजाव नाही, हक्क आहे, असं लिहिलं. दुपारी उत्तर आलं: पाहुणे नसतील तेव्हा हॉलमध्ये झोपू द्या.

जिंकले. गळा नसतानाही जिंकले!

दगडाबाईला मात्र पटेना. तिच्या घरात धूर कौलांतून आपसूक जातो, हे बंद घर तिला कोंडल्यासारखं वाटतं. मी हट्टाला पेटले. पाटीवर लिहीत गेले, भीमा वाचत गेला. शेवटी ती म्हणाली की बाई मुकी हाय तर इतकी भांडती, बोलती असती तर मला दिल्लीला नेऊन झोपवली असती.

१५ डिसेंबर, रविवार

चार दिवस दगडाबाई हॉलमध्ये झोपते आहे. रोज झोपण्याआधी ती घरच्यासारखंच करते. निखारे एकत्र ओढून त्यावर राखेची गोल रास घालते आणि तळहाताने थापते. सकाळी रास फोडली की आतून लालबुंद निखारे. तिच्या सासूच्या काळापासून घरातला विस्तव कधी विझू दिलेला नाही म्हणे. किती सुंदर! काडेपेटीला गुलाम झालेल्या आपल्या पिढीने यातून शिकावं. यावर एक भाषण नक्की.

भीमा आज पाहुण्यांचा किराणा आणायला राजूरला गेला आहे, उद्या येईल.

१६ डिसेंबर, सोमवार

दगडाबाई गेली.

मी लिहिते. इथे तरी खरं लिहिते.

काल रात्री साडेआठला मी हॉलमध्ये डोकावले. ती झोपली होती. धुराड्यातून गार झोत तिच्या पायांवर येत होता. राख करडी, शांत. विझलेली. मी साखळी सोडली. झडप बसली. खिडकीची चार बोटंही ओढून घेतली. माझी शाल तिच्या अंगावर घातली आणि आपण किती चांगल्या आहोत असं वाटून माडीवर जाऊन झोपले.

राखेत हात घातला नाही.

सकाळी ती तशीच होती. गाल लाल, जत्रेला निघालेल्या पोरीसारखे.

आणि मी काय केलं? मी आधी झडप उघडली. मग खिडकी. मग बंगल्याची घंटा वाजवून शेजारच्या बंगल्यावरच्या लोकांना बोलावलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले धुराच्या वायूने गेली. झडप तर उघडी होती, म्हणजे धुराडं तुंबलं असणार, असं ज्याने त्याने ठरवलं. पंचनाम्याच्या वेळी मला विचारलं तेव्हा मी गळ्याकडे बोट दाखवून डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. पाटी पेटीत होती. पेटीत मीच ठेवली होती.

धुराडं भीमाच झाडतो.

तो आज वर चढला. काट्यांची जुडी तीनदा ओढली. खाली ओंजळभर काजळी पडली, बस. तिच्याकडे पाहत बसला. म्हणाला की ऱ्हायली असंल कुठंतरी, माझ्याच हातानं आई मेली.

मी तिथेच उभी होते. तीन पावलांवर.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. प्रार्थनेला बसले, उठले. जमलं नाही.

भीमाची बायको रोहिणी आली होती. तो घरात चूल पेटवू देत नाही. ‘माझ्या हातचा इस्तू नको’ म्हणतो. इतक्या वर्षांचा विस्तव त्याने पाणी ओतून विझवला. शेजारच्या भाकरीवर दिवस काढतात, त्यातही तो दोन घासांवर उठतो, आणि रोज धुराडं झाडायला इथे येतो. रोहिणी म्हणाली की ताई, तुमी लई मोठ्या सभा गाजवल्या म्हनं, तुमचं ऐकंल तो, काईतरी लिहून द्या त्याला.

मी गळ्याकडे बोट दाखवलं. ती बिचारी म्हणाली की व्हय, व्हय, तरास नका घेऊ.

शेकोटी त्या दिवसापासून पेटवलेली नाही. पण आज सकाळी तिच्यात राखेची गोल रास होती. वर तळहाताची थाप. वाऱ्याने झाली असेल. वाऱ्याने राख गोल होते?

२८ डिसेंबर, शनिवार

राजूरला जाऊन गळा दाखवला. बरा आहे. बोला म्हणाले. मी ‘हो’ म्हणाले. आवाज आला.

तशीच भीमाकडे गेले. दारात त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. म्हणाला की ताई, तुमच्यामुळं आई शेवटाला उबंत निजली.

तोंड उघडलं. खोकला आला फक्त, धुराचा.

परत आले तर झडप बंद. रास गरम.

३१ डिसेंबर, मंगळवार

झडप उघडून साखळी तारेने बांधली. सकाळी तार सोडलेली. नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली. मी तार गुंडाळते तशीच.

माझ्या तळहातांना काजळी.

धुतली. तीनदा. नखांत आहे अजून.

२ जानेवारी, गुरुवार

दुपारी धुराड्यातून आवाज आला. कुणी बोलत नव्हतं. बोलत असतं तर बरं झालं असतं. सव्वीस वर्षं ऐकलेला आवाज तो, ओळखला. सभा सुरू होण्याआधीचा. शंभर माणसं बसलीत, पदर सावरतायत, कुणी घसा साफ करतंय. मग शांत. वक्त्याकडे पाहतायत.

पुढच्या रांगेत दगडाबाई खोकली.

वाट पाहतायत — माझी —

४ जानेवारी, शनिवार

मालकाचा निरोप. भीमाला काढा, निष्काळजी माणूस. उत्तर दिलं नाही. नकार एका शब्दाचा होता. तोही नाही दिला.

भीमाचे तळहात काट्यांनी फाटलेत. आजही वर चढला. काजळी नाही आता, नुसता दगड खरवडतो. मी खालून साखळी धरून होते. एकदा हाक मारली, भीमा. धुराड्याने ती ओढून घेतली. त्याला ऐकू गेलीच नाही.

जाताना म्हणाला की ताई, धुराडं साफ हुईस्तवर मी घरात शेकनार न्हाई. साफ आहे ते. पहिल्यापासून साफ —

५ जानेवारी, रविवार

पुरे. आज लिहून त्याच्या हाती देणार. हॉलमध्ये बसले पाटी घेऊन. अक्षर ओढलं की पाटीवर राख. पुसते, पुन्हा राख.

म्हणून वहीत.

रास आहे. आतून लाल. मी पेटवली नाही. की मीच — तळवे काळे आहेत.

झडप बंद. खिडकी सरकत नाही. उठले, साखळीपर्यंत पोचले, हात तिच्यावर ठेवला आणि हाताने — माझ्याच हाताने — ओढली नाही.

डोकं जड. गाल तापलेत. गर्दी भरलीय वर, शांत बसलीय. आता बोलायचं आहे.

ज्याला ही वही सापडेल त्याने दुसरं काही करू नये, मला हलवू नये, आधी भीमाच्या घरी जावं आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवावं. धुराडं स्वच्छ होतं, भीमा. तू चूल पेटव. झडप मी, मार्थाने —