सोफ्यावरचा डाग आणि माझी जीन्स

२ मार्च, रविवार. दुपार.
आजपासून रोजनिशी. रोज लिहायचं, खरं लिहायचं. वाचणारा मी एकटाच, मग लपवायचं कुणापासून?

सकाळी केसांना औषध लावलं. औषधच. लावल्यावर केस काळे होतात, हा त्याचा साइड इफेक्ट. नळ मोठ्ठा सोडून लावतो, त्यामुळे घरात कुणाला पत्ता नाही. पाकीट माळ्यावर, ड्रिल मशीनच्या डब्यात. तीन वर्षं झाली, एकच पाकीट चालू आहे. हल्ली अशा कंपन्या राहिल्या नाहीत. सुरुवातीला केस फारच काळे व्हायचे, आता आपोआप जरा ब्राउन होतात. औषध मुरलं असणार.

जेवून नव्या सोफ्यावर जरा मान टेकली. सोफा मलई रंगाचा, हिने स्वतः निवडलेला. झोप छान लागली.

३ मार्च, सोमवार.
हिने सोफ्याच्या पाठीवरचा डाग दाखवला. काळपट, पपईएवढा, मी बसतो नेमका तिथेच. मी भरपूर आश्चर्य दाखवलं. कशाचा हो डाग, असं हिने अगदी शांतपणे विचारलं. जीन्सचा रंग लागला असेल, म्हणालो. जीन्स तिथवर कशी पोचली, हा पुढचा प्रश्न. पाय वर करून सोफ्याच्या पाठीला टेकवायचा व्यायाम करतो, डॉक्टरांनी सांगितलाय, म्हणालो. जागच्या जागी सुचलं. हजरजबाबीपणा हा उपजतच असावा लागतो.

येत्या रविवारी हिच्या ऑफिसची मंडळी येणार आहेत. ही आता ब्रँच हेड झाली. जुन्या सोफ्याची स्प्रिंग पाहुण्यांना टोचायची म्हणून इतकी वर्षं हिने कुणाला घरी बोलावलंच नव्हतं. आता हिचे साहेबही येणार. साहेब माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहेत. बघू कोण तरुण दिसतं ते.

सोफा साफ करणाऱ्या सोफेवाल्याला बोलवू या, असं हिचं म्हणणं. मी म्हटलं, कशाला? मी बघतो. रविवारपर्यंत सोफा नवाकोरा करून देतो. हिचा चेहरा जरासा उतरला. दमली असेल.

४ मार्च, मंगळवार.
प्लॅन: कडक गरम पाणी, कपड्यांची पावडर, ब्रश. दहा मिनिटांचं काम.
तासभर घासलं. डाग फिका झाला, पण पसरला. म्हणजे डाग तेवढाच, जागा जास्त. ही प्रगतीच म्हणायची. कन्या कॉलेजला जाता जाता म्हणाली की आधी डाग होता, आता नकाशा झालाय. विनोदाचं अंग तिला आईकडून आलंय.

एक अडचण. माझी जीन्स निळी आणि डाग काळा. संध्याकाळी जाऊन काळी जीन्स घेतली, म्हणजे बोलण्याला आधार राहील. कमरेला घट्ट आहे. बसता येत नाही, उभं राहायला उत्तम.

५ मार्च, बुधवार.
सोफेवाल्याला फोन केला. बोलवायला नाही, फक्त सल्ला. डाग कशाचा, त्याने विचारलं. जीन्सचा, मी सांगितलं. कुठे आहे, त्याने विचारलं. डोक्याच्या उंचीवर, मी सांगितलं. त्यावर तो केसांना काही लावता का, असं विचारू लागला. राँग नंबर म्हणून मी फोन ठेवला. लोकांना नसत्या चौकशा फार.

तरी त्याआधी पद्धत काढून घेतलीच. गार पाणी, थोडं स्पिरिट, पांढरं फडकं. आधी मागच्या बाजूला छोट्या जागी करून बघायचं. टिपायचं, घासायचं नाही.
घरात पांढरं फडकं नाही. माझे बनियन आहेत, पण मानेपाशी त्यांनाही औषध लागलंय. एक मरून नॅपकिन सापडला, नवा, मऊ. पांढरं काय नि मरून काय, फडकं ते फडकं. मागे करून बघण्यात वेळ घालवला नाही.

६ मार्च, गुरुवार.
फरक असतो.
स्पिरिटने नॅपकिनचाच रंग सुटला. आता मध्ये काळं, भोवती मरून. लांबून बघितलं तर डिझाइन वाटतं. उरलेल्या दोन पाठींवरही तसंच केलं तर सेट पूर्ण होईल. कन्येला कल्पना सांगितली. तिने स्पिरिटची बाटली उचलली आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

ही ऑफिसातून आली, पर्स खांद्याला तशीच ठेवून सोफ्यासमोर उभी राहिली. चहा नको म्हणाली. मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं.
उद्या सगळं निस्तरतो.

७ मार्च, शुक्रवार.
डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करून दाखवा, असा हिने सकाळीच आग्रह धरला. मागे हटणं माझ्या स्वभावात नाही. काळी जीन्स चढवली, सोफ्यावर आडवा झालो, पाय वर नेले आणि पाठीला टेकवले. खाली आणायला मायलेकी दोघी लागल्या.

सोफा कालचा ओला होता आणि जीन्स न धुतलेली. पाठीवर दोन पोटऱ्या स्पष्ट उमटल्या आहेत. एका दृष्टीने बरंच झालं. आता सोफ्यावर खरोखरच जीन्सचा डाग आहे. मी खोटं बोललो असं कुणी म्हणूच शकत नाही.

८ मार्च, शनिवार.
माघार नव्हे, पण सोफेवाल्याला फोन केला. त्याने आवाज ओळखला. मंगळवारपर्यंत वेळ नाही म्हणाला.
नवा प्लॅन: पाहुणे यायच्या आधी डागाला टेकून बसायचं आणि ते जाईपर्यंत उठायचं नाही. साधा, सोपा, आधीच का नाही सुचला कळत नाही.
साहेब येणार म्हणून औषध नेहमीपेक्षा आठवडाभर आधीच, आजच लावून टाकलं. उद्या सकाळी वेळ मिळाला नसता.

९ मार्च, रविवार. सगळे गेल्यावर.
पाचला बसलो. कुणी आलं तरी उठलो नाही. माझे गुडघे गेलेत, असा मंडळींचा समज झाला. साहेबांचे केस सगळे पांढरे. त्यांना शोभतात, हे मान्य करायला हवं. ही इतकी खुशीत होती की मलाच अभिमान वाटत होता.

निघताना साहेब मला शेकहँड करायला वाकले. मग उठावंच लागलं.
मागे वळून बघितलं. पोटऱ्यांच्या मधोमध ताजा, घामाने ओला, पपईएवढा काळपट डाग. सगळे आधी सोफ्याकडे बघत होते, मग माझ्या डोक्याकडे. साहेब हळूच म्हणाले की त्यांच्या सोफ्याचंही असंच झालं होतं, तेव्हापासून त्यांनी केसांना लावणं सोडून दिलं. मग ही हसायला लागली, आणि मग सगळेच. मीही हसलो, जरा उशिराने.

पाहुणे गेल्यावर हिने कपाटातून एक कव्हर काढलं. गडद कॉफी रंगाचं, सोफ्याच्या पाठीच्या बरोब्बर मापाचं. सोफा आला त्याच आठवड्यात हिने शिवून ठेवलं होतं. केसांचं मी स्वतःहून सांगेन, मग घालू, म्हणून थांबली होती. सोमवारी मुद्दाम विचारलं, म्हणाली.
म्हणजे सोमवारी मी एक शब्द बोललो असतो तर सोफा वाचला असता.

ड्रिलच्या डब्यातलं पाकीट गेली तीन वर्षं हीच भरते आहे. काळ्या रंगात मी ओळखपत्रावरच्या फोटोसारखा दिसायचो, म्हणून ब्राउन आणायला लागली. मी कंपनीचं कौतुक करत होतो.
पाकीट संपत आलंय, आणू का, असं विचारलं हिने. विचार करून सांगतो म्हणालो.
मग आण म्हणालो. तोच ब्राउन.