निमा, तू जिंकली नव्हतीस

प्रिय निमा,

शाळा सुटली आहे. स्टाफरूममध्ये मी एकटीच आहे. तलासरीहून डहाणूला जाणारी आपली एसटी यायला अजून तासभर आहे. तू गेलीस त्याला पाच महिने झाले, आणि एवढ्या दिवसांत मी तुला मनातल्या मनातही काही सांगितलं नाही. आज लिहितेय, कारण फ्रेडीअंकलना उद्यापर्यंत उत्तर द्यायचं आहे आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय ते द्यायची माझी हिंमत होत नाही.

येत्या रविवारी घोलवडला अंकलच्या चिकूच्या वाडीत आपली गिटारची स्पर्धा आहे. २०१९, म्हणजे पाचवं वर्ष. सोमवारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "शैला, सुरुवात निमाच्या धुनेनं करू. गेल्या वर्षी तिला पहिला नंबर मिळाला ना, तीच धून तू वाजव. तिच्या आईला पण बोलावलंय."

मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. हो म्हणवलं नाही. का, ते तुला माहीत आहे.

याच शाळेच्या कपाटात २०१४ साली आपल्याला ती गिटार सापडली होती. कोणीतरी मुलांसाठी दिलेली, दोन तारा तुटलेल्या. तू गणिताची, मी मराठीची, दोघीही चाळिशीला टेकलेल्या. तू म्हणालीस, "शिकवणारा कोणी येईपर्यंत आपणच शिकू." कोणी आलंच नाही. मग आपणच दर शनिवारी घोलवडला अंकलकडे शिकायला जायला लागलो. बोटांना पहिले घट्टे पडले तेव्हा तू ते एसटीच्या कंडक्टरला दाखवले होतेस, आठवतं?

आणि मग अंकलनी ही स्पर्धा काढली. सिनेमातलं गाणं चालणार नाही, दुसऱ्याचं काहीच चालणार नाही. स्वतः बांधलेली धून, पाच मिनिटांच्या आत. चिकू भरायच्या शेडमध्ये दहा-बारा हौशी माणसं वाजवणार, ऐकणारे मतांच्या चिठ्ठ्या टाकणार आणि जिंकणाऱ्याला एक करंडी चिकू. जिथे दारोदारी चिकू, त्या घोलवडमध्ये बक्षीस म्हणून चिकू! किती हसलो होतो आपण. पण तू वाजवायला बसलीस की कोणाला हसू येत नसे.

तू मला कधी सूट दिली नाहीस. २०१६ साली मी माझी धून आधी तुला ऐकवली, तर तू म्हणालीस, "पहिला भाग गोड आहे. दुसरा भाग म्हणजे पहिलाच परत. तू घाबरतेस शैला, म्हणून वळतच नाहीस." मी दोन दिवस एसटीत दुसऱ्या बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी नवा दुसरा भाग बांधून आणला. त्याच्या पुढच्या वर्षी मी तुझ्याकडून फक्त दोन चिठ्ठ्यांनी हरले, आणि तू परतताना म्हणालीस, "आता मजा यायला लागली."

त्याच पावसाळ्यात तुझं दुखणं निघालं. केमो संपल्यावर तू कामावर परत आलीस, पण बोटांची टोकं बधिर झाली होती. खडू हातातून पडला तरी तुला कळत नसे. तार कुठे आहे हे तुला डोळ्यांनी बघावं लागे. "बोटं माझी नाहीतच, कोणाची तरी उसनी आणलीत," असं म्हणालीस एकदा. तरी तू वाजवणं सोडलं नाहीस. थोडेच सूर असलेली एक संथ धून बांधलीस. मी माझी तुला रोज संध्याकाळी फोनवर ऐकवायचे. दोन महिने ऐकलीस आणि म्हणालीस, "यंदा तू मला हरवणार. पण मी सहज हरणार नाही हं."

तो रविवार मला क्षणाक्षणानं आठवतो. वाजवायला तुझा नंबर माझ्या आधी लागला. डोक्याला रुमाल बांधून तू खुर्चीवर बसलीस. पहिली दोन मिनिटं नीट गेली. मग तुझं बोट चुकीच्या तारेवर पडलं. तू थांबलीस. शेडमध्ये साठ माणसं होती. तू हाताकडे बघत राहिलीस, बोट उचललंस, जागेवर ठेवलंस आणि मागच्या ओळीपासून पुन्हा सुरू केलंस. मी माझ्या गिटारची मान इतकी घट्ट धरली होती की तारांचे वळ उठले. तू धून शेवटापर्यंत नेलीस.

मग मी बसले. पहिला भाग वाजवला. वर बघितलं तर तू समोर, ओठ घट्ट मिटून माझ्या दुसऱ्या भागाची वाट बघत होतीस. आणि मला एकदम वाटलं, हिची ही शेवटची स्पर्धा असेल. मी ठरवून आले नव्हते, निमा, यावर तरी विश्वास ठेव. तेवढ्या एका श्वासात ठरलं. मी बोट घसरवलं, गोंधळल्यासारखं केलं, "सॉरी" म्हटलं आणि अर्ध्यावरच थांबले.

तू तीन चिठ्ठ्यांनी जिंकलीस. करंडी घेऊन फोटोला उभी राहिलीस.

परत जाताना माझ्या स्कूटीवर तू मागे बसली होतीस. चिखले गावापर्यंत आलो. मग म्हणालीस, "गाडी थांबव."

मी थांबवली. तू उतरलीस. "मुद्दाम चुकलीस ना?"

"नाही गं, खरंच चुकले."

"दोन महिने ऐकलंय मी ते. तिथे तू झोपेतसुद्धा चुकणार नाहीस."

मी स्कूटी स्टँडवर लावली.

"मी अजून मेलेली नाही, शैला. मला आत्ताच श्रद्धांजली वाहू नकोस." तुझा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "सगळे माझ्याशी आजाऱ्यासारखं बोलतात. घरात, शाळेत, डॉक्टरसुद्धा. तू एकटी होतीस जी मला हरवायला बघत होतीस."

करंडी माझ्या पायाशी ठेवून तू मागून येणाऱ्या टमटमला हात केलास. मी तुला हाक मारायला हवी होती. नाही मारली.

त्यानंतर पाच महिने! शाळेत फक्त वेळापत्रकाचं बोलायचीस. एसटीत पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे. मग तू रजेवर गेलीस, गंजाडला आईकडे. मी दोनदा निघाले आणि दोनदा स्टँडवरून परत आले.

जूनमध्ये तुझाच फोन आला. "गिटार घेऊन ये." एवढंच.

तू खाटेवर बसली होतीस, पाठीला उशी लावून. "वाजव. पूर्ण." मी वाजवली. इतकी घाबरून मी कधीच वाजवली नव्हती. संपल्यावर तू पाठीची उशी सरळ केलीस. मग म्हणालीस, "माझ्यापेक्षा चांगली आहे." आणि मला रडू फुटणार तेवढ्यात, "पण शेवट लांबलाय. दोन ओळी काप." अशा वेळीही तुला काय सुचलं! रडायचं सोडून मी तुझ्याशी त्या दोन ओळींवरून भांडत बसले. पाच महिन्यांनी तू पहिल्यांदा हसलीस.

निघताना मी विचारलं, "सगळ्यांना सांगू का?" तू म्हणालीस, "ते तुझं तू बघ. मी जिंकले नाही, एवढं मला माहीत आहे." ऑगस्टमध्ये तू गेलीस.

एक विचारू? तू त्या दिवशी शेडमध्येच का नाही बोललीस? करंडी परत का नाही केलीस? मला वाचवायचं होतं तुला? की निकाल ऐकल्यावर थोडा वेळ तुलाही वाटलं होतं की आपण खरंच जिंकलो? तसं वाटलं असेल तर मला बरं वाटेल. पण मग सांगायचं ओझं तू एकट्या माझ्यावर का टाकून गेलीस?

मंगळवारी मी अंकलना खरं सांगितलं. ते चिडले. "जो दिकरी, ऐक पोरी, गेलेल्या माणसाचं इनाम परत घेते काय कोणी? तिच्या आईसमोर? गप बस."

त्यांचंही खरं वाटलं. म्हणून काल मी गंजाडला गेले. तुझ्या घरी भिंतीवर तोच फोटो आहे, करंडी घेतलेला, त्याला हार घातलेला. तो बघून मी आल्या पावली परत फिरणार होते. चहा ठेवता ठेवता आईच म्हणाली, "तो फोटो तिला नको होता गो. काढ म्हणायची. आमच्याकडे दुसरा चांगला नाही, म्हणून लावला."

मग मी सगळं सांगितलं, चुलीपाशी बसून. मान वर करायची भीती वाटत होती. चहा उतू गेला तरी ती उठली नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे ती तुझ्यावर चिडली होती. त्या रविवारपासून इकडे आली की कोणाशी धड बोलायची नाही. मला वाटायचं, माझंच काही चुकलं. तिला मी सारखी नीज, नीज म्हणायचे, त्याचा राग आला असेल."

निमा, वर्षभर ती हे मनात घेऊन होती. मी तुझ्यावर दया केली आणि त्याचा जाच तिला झाला.

मी विचारलं, "रविवारी सगळ्यांसमोर सांगू?" ती म्हणाली, "सांग. मी येते." उठून तिनं हार काढला, फोटो उतरवला आणि विचारलं, "ती वाजवत असतानाचा आहे का गो तुझ्याकडे?" आहे. २०१७ चा. तुझे डोळे मिटलेले आहेत आणि मागे मी तोंड पाडून बसलेय.

एसटी आली आहे. आता जास्त लिहीत नाही. उद्या सकाळी अंकलना सांगते की तुझी ती धून मी वाजवणार नाही. रविवारी मी उभी राहीन आणि गेल्या वर्षी काय केलं ते सगळ्यांना सांगेन. मग २०१७ ची तुझी धून वाजवेन, जिनं मला खरंच हरवलं होतं. माझी नवी धून मात्र स्पर्धेत माझा नंबर लागेल तेव्हा. समोर कोणीही असो, कितीही आजारी असो, मी बोट घसरवणार नाही. हा शब्द देते.

तुझ्यावर अजून थोडी रागावलेली,
शैला