दुसरा ब्रेक

बाबा, शेवटी मीही शिकवायलाच लागले. "तुझ्यात सबुरी नाही, तू मास्तरकी करू नकोस," असं तुम्ही म्हणायचात आणि मला ते पटायचंही. पण मुलं शाळेत जायला लागली आणि घरबसल्या काहीतरी हवं होतं. मीरा रोडच्या एका संस्थेचा ऑनलाइन कोर्स आहे, वेबसाइट कशी बनवायची त्याचा. विद्यार्थी त्यांच्या घरी, मी भाईंदर पूर्वेला माझ्या घरी. ते कॉम्प्युटरवरून गृहपाठ पाठवतात, मी तो तपासून काय चुकलं ते लिहून कळवते. एकमेकांची तोंडं बघायची नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याला फोन आला तरी शेजारच्या काकू हाक मारायच्या, त्यामुळे हे सगळं तुम्हाला कसं समजावावं हा प्रश्नच आहे. आणि समजलं असतं तरी तुम्ही हसला असतात. शिकणारा शेजारी बसलेला नाही आणि ही म्हणे शिकवते!

गाडी शिकवताना तुमच्या शेजारी शिकणारा इतका जवळ असायचा की सकाळी तो काय खाऊन आलाय तेही तुम्हाला कळायचं. आपली जुनी फियाट, पुढेमागे लाल अक्षरातली 'एल'ची पाटी, आणि तुमच्या पायाशी तुमचा वेगळा ब्रेक. रविवारी मी मागच्या सीटवर बसून यायची. भाईंदर पश्चिमेतून मुर्ध्याच्या दिशेने, मिठागरांच्या कडेकडेने गाडी चाललीय, आणि तुम्ही गप्प. चालत्या गाडीत भाषण द्यायचं नाही हा तुमचा नियम. वळण यायच्या आधी एक शब्द, गिअरसाठी "दुसरा" किंवा वेगासाठी "हळू", बस्स. काही जास्तच बिघडलं तर गाडी बाजूला घ्यायला लावायची, इंजिन बंद, एकच गोष्ट सांगायची, आणि तेच वळण लगेच परत घ्यायला लावायचं. बाजारातले एक कापडवाले शेठ शिकायला यायचे. "सेठ, गाडी सीधी है, आप टेढ़े बैठे हो," एवढंच तुम्ही त्यांना सांगितलंत आणि शेठ सरळ बसले, गाडीही सरळ चालली. एकदा घरी परत आल्यावर मी शहाणपणा करून त्यांना म्हटलं, "अंकल, वो गाय को आप ठोकनेवाले थे." शेठ बिचारे ओशाळले. ते गेल्यावर तुम्ही मला झापलंत. "हे त्यांना आत्ता सांगून ते काय करणार? गाय गेली घरी."

आणि तुमची ती मांडी! शिकणाऱ्याचा हात बसला अशी खात्री झाली की तुम्ही काही न बोलता चपला काढायचात, ब्रेकवरचा पाय उचलायचात आणि सीटवर चक्क मांडी घालून बाहेर बघत बसायचात. शाबासकी म्हणतात ती एवढीच. पण तिची किंमत केवढी! "मास्तरांनी आज मांडी घातली," असं लोक बाजारात सांगत फिरायचे. मला शिकवताना मात्र तुम्ही ती कधी घातली नाहीत. लायसन्स मिळालं तरी पाय ब्रेकवरच. मी चिडून विचारलं तर म्हणालात, "तू पोरगी आहेस माझी. पाय आपोआप जातो." मला राग आला होता, बाबा. बरीच वर्षं होता.

आता माझ्याकडची गोष्ट. उत्तनची एक मुलगी कोर्सला आहे. घरची होडी आहे, वडील आणि भाऊ मासेमारीला जातात. कोर्स पूर्ण केला तर भाईंदर स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत तिला वेबसाइट सांभाळायचं काम मिळणार होतं. तिने गावातल्या सुक्या मासळीवर पान बनवून पाठवलं. फोटो सुंदर, पण पानाचा सांगाडा सुरुवातीलाच चुकलेला, त्यामुळे खालचं सगळं एका बाजूला सरकत होतं. घरी पाहुणे, मुलांच्या परीक्षा, म्हणून माझं तपासणं लांबलं. संस्थेच्या नियमाप्रमाणे मी वेळेतच होते, तो नियमच ढिसाळ. मग बसले आणि झाडून साऱ्या चुका लिहून काढल्या. किती बारकाईने बघितलं म्हणून स्वतःवर खूशही झाले. दोन दिवसांनी तिचा मेल आला, 'मॅडम, मी कोर्स सोडते.'

मी फोन केला. "मॅडम, तुमचं बरोबर हाय," ती म्हणाली. "पन तुमचं उत्तर येईपर्यंत मी त्याच्यावरच पुढचे दोन धडे केले. आता सगळंच पाडायला लागेल." मी म्हटलं, फोटो तरी छान होते गं. "हे लिहिलंत कुठे? चुकलं ते सांगितलंत, बरोबर काय ते न्हाय सांगितलंत. मला वाटलं सगळंच चूक हाय. फोटोपन काढून टाकले मी." तुमची गाय आठवली, घरी गेलेली. आणि मांडीही आठवली. ती नुसती शाबासकी नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इथे हात लावू नकोस, हे बसलंय, असं तुम्ही सांगत होतात.

मी तिला म्हटलं, एक आठवडा सोडू नकोस. त्याच संध्याकाळी लिहिलं, 'फोटो होते तसे परत लाव, त्यांना हात लावू नकोस. फक्त वरची पट्टी सरळ कर आणि आजच पाठव.' तिने पाठवलं. मी आमटी गॅसवर ठेवून तपासलं आणि लगेच पुढची एकच गोष्ट सांगितली. असं रोज चाललं. पाडायला फारसं लागलंच नाही. शेवटचा धडा आला तेव्हा मी लिहिलं, 'हा मला दाखवायची गरज नाही. थेट वेबसाइटवर टाक.' तिचा घाबरून फोन, "म्हंजे वाईट हाय का?" म्हटलं, "नाही गं. म्हणजे आता तुझं तुला जमतंय." ती इतकी हसली की मागून तिच्या आईने काय झालं म्हणून विचारलं. कालपासून ती स्टुडिओत कामाला लागली.

हे मी मेलच्याच खिडकीत लिहितेय, जिथे तिला उत्तरं लिहायची तिथेच. पत्त्याची जागा अर्थात रिकामी. तुम्हाला सांगायचं होतं ते खरं तर वेगळंच आहे. तुमच्या आजारपणात मुंबईच्या हॉस्पिटलमधून तुम्हाला घरी आणलं, त्या दिवशी गाडी मी चालवत होते आणि तुम्ही मागे होतात. मागच्या सीटला ब्रेक नाही. दहिसर यायच्या आत तुम्ही झोपलात. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना डोळा न लागणारे तुम्ही, चांगले घोरत होतात. मी आरशात बघितलं आणि माझा सगळा राग गेला. घर आलं तरी मी थांबले नाही. सरळ मुर्ध्यापर्यंत गेले आणि हळूहळू परत आले. तुम्ही जागे झालात आणि विचारलंत, एवढा वेळ कसा लागला? मी म्हटलं, नाक्यावर गर्दी होती.

गर्दी नव्हती, बाबा.