अंगठ्याचे मोजे

नांदेड, जानेवारी १९९८

सिंधुताई,

माळेगावच्या यात्रेत यंदा मी दिवसभर लोकरीच्या ढिगांतच रमले. टकळीवर सूतही काढलं. मोजे विणणार म्हटल्यावर लोकर विकणारी धनगरीण हसली, "पाय हायत का मेंढरं, बाई?"

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तू, रात्री पळता यावं म्हणून, चपला घालूनच झोपतेस. लातुरात तुझ्याकडे राहणाऱ्या क्लासच्या पोरी त्यावरून हसतात, असं कळलं. म्हणून आधी मुद्दाम जाड मोजे विणले, चपलेत पाय जाऊच नये असे. मग स्वतःचाच राग आला. तुझ्या चपला काढवणारी मी कोण? सगळं उसवलं आणि अंगठा वेगळा विणला. चपला घालून, झोपून पाहिलं. छान ऊब येते.

हे वाचून तू ओशाळशील, म्हणून हे पत्र माझ्याजवळच ठेवते, नुसते मोजेच पाठवते.

तुझीच,
तनुजा