एकमेकांच्या वह्या

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सोळा फेब्रुवारीला मला तपासणी विभागाची प्रमुख केलं. या वयात आजवर कोणालाच केलं नव्हतं.
२. सत्कारात विचारलं, एवढी मजल कशाच्या जोरावर मारली. मी सांगितलं, वडिलांच्या शिस्तीच्या.
३. कारखान्याच्या मासिकात ते छापून आलं. बाबांनी कात्रण तुला पाठवलं.
४. सोबत लिहिलं, की छकुलीला वर्षभर माझ्याकडे ठेव, तिलाही तशीच घडवतो.
५. तू हो म्हणालास. हे मला वहिनीने कळवलं.

दुसऱ्या कलमातलं माझं उत्तर चूक होतं. समोर साहेब होते, हातात गुच्छ होता, सोपं वाक्य तोंडात आलं. त्या वाक्यावर विसंबून तुझ्या आठ वर्षांच्या मुलीला बाबांच्या त्या टेबलाशी बसवू नकोस.

वहिनीला नमस्कार, छकुलीला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
धाकटी


९ मार्च

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. कलमं वाचून तुझी वहिनी म्हणाली, वन्संनी नोटीस धाडली की काय. आम्ही हसलो, पण मला ते लागलं.

अकरा वर्षं मी क्रेनच्या पिंजऱ्यात बसून दुसऱ्यांचं लोखंड उचलतोय. बाबांनी दोघांना सारखंच शिकवलं. मी तुझ्याहून वर्षाने मोठा, तरी गणितं तीच. दर रविवारी वह्यांची अदलाबदल. दुसऱ्याची चूक सापडली की त्याचा गुण कापून आपल्याला. तू मला पार धुऊन काढायचीस. मी मठ्ठ निघालो, यात बाबांचा काय दोष? तंत्रशाळेत एका घरातून एकच मूल घ्यायचे. तू गेलीस, मी टाळ्या वाजवल्या. तुझं भलं झालं, आणि आता माझ्या पोरीची वेळ आली तर तुला ती शिस्त टोचते?

एक एप्रिलला मी तिला सोडून येणार. दप्तर भरून तयार आहे. आत्यासारखी होणार, असं गल्लीभर सांगत फिरते.

जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा
दादा


१४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू मठ्ठ नव्हतास.

तंत्रशाळेत कोणाला पाठवायचं ते ठरलं, त्या रविवारी शेवटच्या गणिताआधी आपले गुण सारखे होते. माझं उत्तर चुकलं होतं, पण ते तुझ्या नजरेतून सुटलं. तुझं बरोबर होतं, छत्तीस. तुझी वही माझ्यापुढे होती. मी तीन आणि सहाच्या मध्ये दशांशाचं एक टिंब दिलं.

बाबांनी वही उजेडात धरली. तुझी पेन्सिल नेहमी बोथट असायची, माझी टोकदार. त्यांनी त्या टिंबावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग तुझा गुण कापून मला दिला. तू मान खाली घालून बाहेर गेलास, तेव्हा म्हणाले, की ही पुढे जाणार, हिला जिंकायचं कसं ते कळलंय. मी तेरा वर्षांची होते. मला आनंद झाला, हेही लिहिते.

ही ती शिस्त. तेव्हापासून ते टिंब कोणाला तरी सापडेल, या धास्तीने मी प्रत्येक काम तीनदा तपासते. लोक त्याला जिद्द म्हणतात. माझ्या हाताखालचे चौघे मला आपलं काम दाखवायला घाबरतात, आणि मला ते आवडतं.

बाबांनी शेजारची एक मुलगी आताच हेरून ठेवली आहे. छकुलीच्या वयाची. वह्या बदलायला कोणीतरी हवंच ना. छकुली हरली तर तुझ्यासारखी होईल, जिंकली तर माझ्यासारखी. तिसरा निकाल त्या टेबलावर मी कधी पाहिला नाही.

माफी मागत नाही. पंधरा वर्षांनी मागून तुझं काही परत येत नाही. लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव. छकुलीला पाठवणार की नाही, तेवढं मात्र पंचवीस मार्चपर्यंत कळव.

धाकटी